एकाच खोलीतल्या दोन तक्रारी : छोट्या स्पीकरची जोडी पारखताना

हे प्रकरण पुण्यातल्या एका घरातले आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, स्पीकरची नावे गाळून त्यांना अ, ब, क म्हटले आहे. मापे आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा.

पार्श्वभूमी

घर दोघांचे. बाई शास्त्रीय गायन शिकवतात, संध्याकाळी घरीच वर्ग असतो. काका बँकेतून निवृत्त झालेले, रात्री जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणारे. बाईंच्या गुरूंच्या आणि मित्रमंडळींच्या खाजगी बैठकींच्या कॅसेटी मुलीने संगणकावर उतरवून दिल्या, तेव्हा त्या नीट ऐकता याव्यात म्हणून ३८ हजारांची बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि एक साधा अँप्लिफायर आला. ही जोडी अ. खालचे आणि मधले स्वर वाजवणारा साडेपाच इंची वूफर, त्याच्या वर उंच स्वरांसाठी एक इंची घुमटाकार ट्वीटर, मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे खालचे स्वर वाढवणारे भोक. या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक जोड्यांसारखीच.

खोली १२ फूट बाय १० फूट, छत साडेनऊ फुटांवर, जमिनीला फरशी. दहा फुटी भिंतीला शोकेस, आणि त्याच्या साडेचार फूट उंचीवरच्या खणात पुस्तकांच्या मध्ये दोन्ही स्पीकर बसवलेले. समोरच्या भिंतीला दिवाण. काका दिवाणावर भिंतीला टेकून ऐकतात. बाई आयुष्यभर जमिनीवर बसून गायल्या आणि ऐकल्या, त्यामुळे त्यांची जागा दिवाणाच्या पुढे, सतरंजीवर. या दोन जागा नीट लक्षात ठेवा. सगळे प्रकरण त्यांच्यावरच फिरते.

अडचण

दुकानात जोडी दोघांनाही आवडली होती. घरी आल्यावर आठवडाभरात बाईंनी सांगितले, "तानपुरा वाजतोय, पण त्यात जवारी नाही. मेलेला वाटतो." जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेतून उठणारी झणझणीत गुंजन. काकांचे म्हणणे उलट: जवारी छान ऐकू येते, पण डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा डावा) इतका फुगतो की बोल कळत नाहीत. बाईंना डग्ग्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

दोघांचे कान तयार आहेत. तरी घरात सूर असा लागला की एकाचा कान उतरला असावा किंवा दुसऱ्याची आवड बदलली असावी. काकांना उच्च कंप्रता (उंच स्वर) वयामुळे कमी ऐकू येत असतील, अशीही शंका निघाली, पण ती इथे उलटी लागू होत होती, कारण जवारी काकांनाच ऐकू येत होती. दुकानदाराने पंधरा दिवसांच्या आत दहा टक्के कापून जोडी बदलून द्यायची तयारी दाखवली. त्या मुदतीतले काही दिवस उरलेले असताना मला बोलावणे आले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दुकानाने सुचवला होता: सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर घ्या, म्हणजे स्पीकरवरचा भार हलका होईल. दुसरा, अँप्लिफायरचा ट्रेबल (उंच स्वर) वाढवणे. तिसरा, भिंतींवर ध्वनी शोषणारे फलक. चौथा, जोडी बदलणे. यासाठी दोन नावे डोळ्यांसमोर होती: एक ब, महाग, लाकडी पापुद्र्याची देखणी जोडी, दुसरी क, जिच्यात ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो, किंमत ५२ हजार. पाचवा पर्याय स्पीकरची जागा बदलणे. त्याला घरात कोणीच मत दिले नव्हते, कारण शोकेस त्यासाठीच बनवून घेतला होता.

सबवूफर मी लगेच बाजूला ठेवला. बाईंचा षड्ज काळी चारचा (पेटीची चौथी काळी पट्टी), म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ, सेकंदाला २०८ कंपने. त्यांच्या तानपुऱ्याची जोड (मधल्या दोन तारा) तिथे, पंचमाची तार १५६ वर आणि खर्जाची १०४ वर. पुरुष गायक काळी एकला गात असेल तरी खर्ज ६९ हर्ट्झच्या खाली जात नाही. शिवाय तानपुऱ्याची गंमत अशी की जवारीमुळे तारेची बरीचशी ताकद मूळ स्वराऐवजी वरच्या स्वरांशांत, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या कंप्रतांत जाते, सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी वीणा-तानपुऱ्याच्या याच गुणाचा अभ्यास केला होता. थोडक्यात, या घरातल्या संगीताला ४० हर्ट्झच्या खालचे काही लागत नव्हते, आणि काकांची तक्रार तर खालचा आवाज जास्त असल्याची होती.

ट्रेबलचा खटकाही कामाचा नव्हता. तो साधारण १० किलोहर्ट्झच्या परिसरात सर्वांत जास्त चालतो. जवारी तिथे नसते. २०८ च्या तारेचे दहावे ते सोळावे स्वरांश २ ते ३.३ किलोहर्ट्झमध्ये येतात, आणि "जिवंत" की "मेलेला" हा फरक कान मुख्यतः तिथेच पकडतो.

पहिला निर्णय : बदलण्याआधी दोन्ही जागी मोजणे

मुदत संपत असताना काकांना वाटत होते की आधी जोडी परत करावी, बाकीचे नंतर बघू. मी दोन संध्याकाळी मागून घेतल्या. कारण एवढेच: दोन माणसे दोन जागांवर बसून दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर दोष यंत्रात असण्याइतकाच जागेतही असू शकतो, आणि नवी जोडी त्याच खणात गेली तर तक्रारीही तिथेच येऊन बसतील.

मोजायला फार काही लागत नाही. यूएसबीला जोडायचा, कारखान्यातून दुरुस्तीची फाइल घेऊन येणारा मायक्रोफोन, आणि कोणती कंप्रता किती जोरात पोचते याचा आलेख काढणारे रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. मायक्रोफोन आधी काकांच्या कानाच्या जागी ठेवला: भिंतीपासून ३० सेंटिमीटर, जमिनीपासून ११५. मग बाईंच्या: भिंतीपासून ९५, जमिनीपासून ७८.

काकांच्या आलेखात ५७ ते ६० हर्ट्झला एक उंचवटा आणि ९४ च्या आसपास दुसरा, त्याहून मोठा. हे खोलीचे गणित. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला, तर १२ फुटी लांबीत ४७ आणि त्याच्या दुप्पट ९४ हर्ट्झला लाट उभी राहते, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींवरून परतणारा आवाज स्वतःवरच चढतो. १० फुटी रुंदीत ५७ ला, साडेनऊ फुटी उंचीत ६० ला. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे शेवटच्या दोन्ही लाटा एकमेकींवर चढतात. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या १० बाय १२ च्या खोल्यांत हे हमखास भेटते. उभ्या लाटेचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक असतो, आणि काकांचे डोके भिंतीलाच टेकलेले. डग्ग्याचा घुमारा बहुतेक वेळा १०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली फिरतो, म्हणजे नेमका त्या उंचवट्यावर. त्यात स्पीकर खणात कोंडलेले आणि पोर्टचे तोंड मागच्या फळीकडे. फुगायला अजून काय हवे!

बाईंच्या जागी ९४ चा उंचवटा जवळजवळ नाहीसा झाला होता. त्या लाटेचा दाब भिंतीपासून लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ९१ सेंटिमीटरवर शून्याला येतो, आणि बाई नकळत तिथेच बसत होत्या. पण त्यांच्या आलेखात २ ते ३.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान सुमारे ६ डेसिबलचा खड्डा होता. काकांच्या आलेखात तो खड्डा नव्हता.

त्याचे कारण उंचीत आहे. वूफर आणि ट्वीटर यांच्यात कामाची वाटणी अ मध्ये २.४ किलोहर्ट्झला होते, आणि त्या परिसरात दोघेही एकदम वाजत असतात. दोघांची केंद्रे १६ सेंटिमीटर दूर, तर त्या कंप्रतेची लाट सुमारे १४ सेंटिमीटर लांबीची. कान ट्वीटरच्या पातळीत असला की दोघांचे आवाज बरोबरीने पोचतात आणि जुळतात. ट्वीटर साडेचार फुटांवर आणि कान अडीच फुटांवर असेल, तर सव्वादोन-अडीच मीटर अंतरावरून ऐकणारा स्पीकरच्या सरळ रेषेच्या १४ अंश खाली येतो. तिथे दोन आवाजांच्या वाटेत सुमारे ४ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे पाव लाटेहून जास्त. क्रॉसओव्हर (ही कामाची वाटणी करणारे मंडल) लाटा स्वतःही थोड्या पुढे-मागे सरकवतो, त्याची भर पडली की बेरजेची वजाबाकी होऊ लागते. दिवाणावरचे काका त्या रेषेपासून जेमतेम ४ अंश खाली होते.

दोघेही खरे बोलत होते. बाईंना हे आलेखावर दाखवले तेव्हा त्या उठून दिवाणावर काकांच्या शेजारी जाऊन बसल्या, तानपुरा पुन्हा लावायला सांगितला, आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "आली जवारी."

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. स्पीकरची परीक्षणे, दुकानांतल्या ऐकण्याच्या खोल्या, कंपनीचे आलेख, सगळे सोफ्यावर किंवा खुर्चीवर बसलेला श्रोता गृहीत धरतात. आपल्याकडे गाणे शिकणारी-शिकवणारी निम्मी माणसे जमिनीवर बसतात. त्यांच्यासाठी चांगला स्पीकर कोणता हे दुकानातल्या खुर्चीवरून कळणारच नाही.

दुसरा निर्णय : तुलना कशी करायची

जागेचा दोष कळला म्हणून स्पीकर निर्दोष ठरत नाही. शिवाय ब आणि क दोन्ही दोन दिवसांसाठी घरी ऐकायला मिळत होत्या. तेव्हा तुलना करायची ठरली, पण काही पथ्ये पाळून.

पहिले पथ्य आवाजाच्या पातळीचे. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी "जास्त स्वच्छ, जास्त जिवंत" वाटतो, अर्ध्या-एक डेसिबलच्या फरकानेही. म्हणून ५०० ते २००० हर्ट्झमधला गुलाबी गोंगाट (प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेला खरखराट) लावून तिन्ही जोड्या बसण्याच्या जागी ७२ डेसिबलला आणल्या. पट्टा मुद्दाम मधला घेतला, कारण खालच्या भागात खोलीच मोजली गेली असती. या आकाराच्या खोलीत साधारण २५० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचीच सत्ता चालते.

दुसरे पथ्य डोळ्यांचे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्यामागे ऐकवले. मते बदलली, आणि अनुभवी श्रोत्यांचीही बदलली. बाईंकडे वॉइलची एक जुनी, धुऊन विरळ झालेली साडी होती. ती दोरीवर टाकून आधी मोजले: १० किलोहर्ट्झपर्यंत एका डेसिबलचाही फरक पडत नव्हता. जाड पडदा किंवा चादर लावली असती तर सगळ्याच जोड्या मंद वाटल्या असत्या.

तिसरे, जागा एकच. दोन स्पीकर शेजारी ठेवून अदलाबदल केली तर जागेचाच फरक ऐकू येतो. फरशीवर खडूने चौकोन आखले, आणि दोन शिष्य पडद्यामागे चिठ्ठी काढून जोडी बदलत होते. कोणती चालू आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

चौथे, सुरुवात एकाच स्पीकरवर. दोन स्पीकर वाजू लागले की मधला भास आणि विस्तार यांनी कान भुलतो. एकट्या स्पीकरवर स्वराच्या रंगाचे दोष जास्त स्पष्ट कळतात. टूल यांच्या कामातूनही हेच पुढे आले आहे. इथली बहुतेक जुनी ध्वनिमुद्रणे मोनो (एकाच वाहिनीची) असल्याने ते सोयीचेही होते.

ऐकायला काय लावायचे हे बाईंनी ठरवले: नुसता तानपुरा, स्त्रीच्या आवाजातला विलंबित यमन, पुरुषाच्या आवाजातला मारवा, एकल तबला, आणि काकांच्या आग्रहाने मराठी बातम्यांचे वाचन. बोलण्याचा आवाज ही फार कठोर परीक्षा असते. बीबीसीच्या अभियंत्यांनी बाह्यप्रसारणाच्या गाडीत मावेल असा एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर १९७० च्या दशकात बनवला. समोरच्या माणसाचा खरा आवाज आणि स्पीकरमधला आवाज ताडून पाहायची त्यांची जुनी पद्धत होती.

आमच्याकडेही एक खरी गोष्ट होती: बाईंचा मिरजेचा तानपुरा. प्रत्येक फेरीआधी त्या खडूच्या चौकोनाजवळ बसून तो छेडत, मग तोच तानपुरा दिवाणखान्याबाहेर, गाद्या-रजयांनी भरलेल्या छोट्या खोलीत जवळून ध्वनिमुद्रित केलेला लावला जाई. याच खोलीत मुद्रण केले असते तर वाजवताना खोलीचा घुमारा दुप्पट झाला असता. ही तुलना काटेकोर नव्हे; मायक्रोफोन कुठे धरला यावर बरेच अवलंबून असते. पण जवारीचे धागे सुटे ऐकू येतात की एकमेकांत मिसळून जातात, हे ओळखायला ती पुरेशी होती.

पंखा चालू ठेवला. पुण्याच्या मे महिन्यात या घरात कोणी पंखा बंद करून गाणे ऐकणार नव्हते.

तुलनेत काय निघाले

ब जोडी पडदा लावण्याआधी सर्वांची लाडकी होती. पडद्यामागे तिची जागा घसरली: बातम्यांत "स" आणि "श" टोचत होते, आणि यमनात निषादावर आवाज पातळ होत होता. नंतर मोजले तेव्हा ४ किलोहर्ट्झच्या वर तिला चढ दिसला. दुकानाच्या गालिचे-पडद्यांच्या खोलीत हा चढ खुलत असेल. फरशीच्या खोलीत तो बोचतो.

शोकेसच्या उंचीवर, बाईंच्या जागेवरून, क स्पष्टपणे सरस ठरली. ट्वीटर वूफरच्या मध्यातच असल्याने वर-खाली सरकले तरी दोघांचा मेळ फारसा बिघडत नाही, त्यामुळे बाईंचा खड्डा तिच्यात जवळजवळ नव्हता.

मग अ आणि क या जोड्या चौरंगांवर ठेवून खाली आणल्या, ट्वीटर जमिनीपासून ७३ सेंटिमीटरवर. इथे निकाल फाटला. तानपुऱ्यात आणि मारव्यात बाईंनी बहुतेक वेळा क निवडली, पण "आता फरक थोडा आहे" असे स्वतःहून सांगितले. तबल्यात त्यांनी अ निवडली. काकांची निवड फेरीगणिक बदलत राहिली, म्हणजे त्यांना फरक कळत नव्हता. आणि तसे मान्य करायला त्यांनी वेळ घेतला नाही.

तिसरा निर्णय : ठेवायचे की बदलायचे

आता प्रश्न सरळ होता. क घेऊन शोकेसमध्ये ठेवली, तर किमतीतल्या फरकाचे १४ हजार आणि कपातीचे ३,८०० जाणार, बाईंची तक्रार मिटणार, काकांची तशीच राहणार. अ ठेवून खाली आणली, तर दोन स्टँडचा खर्च, दोघांच्या तक्रारी बऱ्याच कमी होणार, पण स्पीकर वर्गातल्या लहान मुलांच्या हाताशी येणार.

मधला मार्गही तपासला: अ खणाच्या कडेला आणून, मागे लाकडी पाचर घालून, १४ अंश पुढे झुकवणे. बाईंच्या जागेवरचा खड्डा त्याने भरला. पण झुकलेला स्पीकर खणाच्या टोकावर, आणि खाली मुले बसणार. त्याला बांधून ठेवण्याची सोय शोकेसमध्ये नव्हती, आणि काकांचा डग्गा खणात फुगतच राहिला असता. तो सोडून दिला.

निर्णय बाईंनी घेतला. अ ठेवायची, खाली आणायची. माझा कल किंचित क कडे होता, कारण मुलांचा धोका मला मोठा वाटत होता. त्यांचे म्हणणे, तानपुऱ्याला हात लावायचा नाही हे मुले पहिल्या आठवड्यात शिकतात, हेही शिकतील.

काय झाले

ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने ४५ सेंटिमीटर उंचीचे दोन लोखंडी स्टँड साडेतीन हजारांत करून दिले, रुंद पायाचे, वरच्या पट्टीला मागे ४ अंशांचा उतार दिलेले. स्पीकरचा चेहरा भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर येतो. पोर्टसाठी कंपनीने दिलेले फोमचे बूच खोक्यातच पडले होते, ते बसवले. जाळ्या कायम लावलेल्या.

बाईंच्या जागी २ ते ३.५ किलोहर्ट्झचा खड्डा दीड डेसिबलच्या आत आला. काकांच्या जागी ६० हर्ट्झचा उंचवटा बराच उतरला; ९४ चा कमी झाला पण गेला नाही, कारण भिंत आणि त्यांचे डोके दोन्ही जागच्या जागीच आहेत. विलंबित तालातला डग्गा आता त्यांना समजतो, लग्गी-लडी (जलद बोलांचे वादन) अजून थोडी गढूळ लागते.

पावसाळ्यात एका मुलाच्या धक्क्याने उजवा स्टँड सरकला, पडला नाही. त्यानंतर दोन्ही पायांत वाळूच्या पिशव्या घातल्या.

काय वेगळे करता आले असते

पैसे देण्याआधी घरी ऐकण्याची सोय मागायला हवी होती. ब आणि क साठी दुकानाने ती सहज दिली, म्हणजे अ साठीही मिळाली असती. आणि दुकानात ऐकायचेच असेल, तर खुर्ची सोडून जमिनीवर बसून ऐकावे, उभे राहूनही ऐकावे. उंची बदलताच आवाजाचा रंग फार बदलत असेल, तर घरी स्पीकर नेमके किती उंचीवर बसणार हे आधी विचारात घ्यावे लागते.

शोकेस करताना सुताराला माप देण्यापूर्वी कोण कुठे बसणार हे ठरले असते, तर खण दोन फूट खाली करता आला असता.

तुलनेतही एक उणीव राहिली. सगळ्या फेऱ्या बाईंच्या ऐकण्याच्या पातळीवर झाल्या. वर्गात पंधरा मुले एकत्र गात असताना लागणाऱ्या आवाजावर तिन्हींपैकी एकही जोडी पारखली नाही. अ ची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा आवाज येतो ते माप) ८६ डेसिबल आणि अँप्लिफायर लहान. वार्षिक कार्यक्रमाच्या तालमीत आवाज तारसप्तकात फाटू लागला. स्पीकर खाली आणल्याने वाचलेल्या पैशातून अँप्लिफायर बदलण्याचा विचार चालू आहे.

९४ हर्ट्झवर शोषक फलकांचा उपाय काकांनी विचारला होता. त्या कंप्रतेची पाव लाट ९० सेंटिमीटरहून लांब आहे, त्यामुळे भिंतीवरचे दोन-चार इंची फलक तिथे काही करत नाहीत. ते पैसे मी वाचवायला सांगितले. दिवाळीनंतर रंगकाम काढले आहे, तेव्हा दिवाण आडव्या भिंतीला सरकवून पाहायचा आहे. काकांचे डोके तेव्हा लांबीच्या टोकाशी नसेल, पण रुंदीच्या ५७ हर्ट्झच्या लाटेत ते भिंतीला टेकलेच असेल, म्हणून मायक्रोफोन घेऊन पुन्हा जायचे ठरले आहे.